सासूबाईंची पांढरी साडी

आमच्या सासूबाई रागावल्या की धुणं काढतात. घरात मशीन आहे, चांगलं समोरून उघडणारं, पण राग आलेला असेल तर मशीन चालत नाही. बादली, ब्रश आणि साबणाची वडी घेऊन त्या बाथरूममध्ये पाटावर बसतात, आणि ज्याच्यावर राग असेल त्याचा कपडा सगळ्यात आधी आपटला जातो. मी लग्न होऊन आले तेव्हा हे कळायला मला बरेच महिने लागले. मी परभणीकडची. आमच्याकडे राग आला की माणसं बोलतात, आणि आजूबाजूच्या घरांना नीट ऐकू जाईल अशा बेतानं बोलतात. ह्या महाडकडच्या. बोलणं कमी, आपटणं जास्त. एकदा माझा ऑफिसचा कुर्ता इतका स्वच्छ निघाला की मी घाबरून त्यांना विचारलं, आई, माझं काय चुकलं? तर म्हणाल्या, "काय न्हाय. मळला व्हता."

म्हणून फिल्ममधला तो घोळ मला कळला तेव्हा आधी मनात आलं, आता घरात काय काय धुवायला निघणार.

सुरुवात मोनालीपासून झाली. मोनाली आमच्या वरच्या मजल्यावर राहते. माहेर-सासर दोन्ही सातारा जिल्ह्यातलं, नवरा वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर. उलव्याच्या आमच्या सोसायटीत कुठलंही कार्य असलं की ते मोनालीनंच काढलेलं असतं. गणपती, होळी, रक्तदान, पाककृती स्पर्धा. बाई दमत नाही आणि दुसऱ्याला बसू देत नाही. पण मनानं सरळ. आमचे सासरे गेले तेव्हा आम्हाला स्वयंपाकघरात पाऊल टाकू न देता आठवडाभर डबे तिनं पाठवले होते. हे मी विसरत नाही, आणि पुढं जे झालं त्यात हे मध्ये मध्ये आडवं येत राहिलं.

तर एका संध्याकाळी ती दारात उभी, हातात मोबाइल. नवी मुंबईत एक शॉर्ट फिल्मची स्पर्धा होती, 'रंग एका शहराचे' नावाची. वेगवेगळ्या संस्कृतींची माणसं एका जागी कशी राहतात ते पाच मिनिटांत दाखवायचं.

"अगं, आपल्या बिल्डिंगमध्येच सगळा इंडिया भरलाय," मोनाली म्हणाली. "बाहेर जायचीच गरज नाही. इंद्रजित शूट करतो म्हणालाय."

इंद्रजित तिचा धाकटा भाऊ. कॅमेऱ्याचं शिक्षण घेतलेला, तेविशी-चोविशीचा मुलगा. सातारा-कराड पट्ट्यातली लग्नं शूट करायचा आणि त्याला त्या लग्नांचा मनस्वी कंटाळा आला होता. ड्रोन उडवून उडवून मान दुखते, म्हणायचा. ही त्याची पहिली स्वतःची फिल्म होणार होती. कल्पना साधी होती. गच्चीवर प्रत्येक घरातलं एक माणूस उभं राहील, आपल्या पारंपरिक पोशाखात, आणि आपल्या घरच्या बोलीत एकच वाक्य बोलेल. मागे नवा विमानतळ.

"तुमच्याकडून काकू," मोनाली म्हणाली. "तुमचं पारंपरिक काय असतं गं?"

मला शाळेपासून हा प्रश्न आला की घाम फुटतो. स्नेहसंमेलनात मला एकदा कोळीण केलं होतं आणि एकदा काश्मिरी. बौद्धांचं पारंपरिक काय, ते बाईंनाही माहीत नव्हतं आणि मलाही सांगता आलं नव्हतं. आताही मी आठवतच होते, तेवढ्यात आतून बोंबील साफ करता करता सासूबाई म्हणाल्या, "पांढरी साडी."

मोनालीचा चेहरा किंचित पडला. मग ती लगेच हसली आणि म्हणाली, "चालेल की काकू. तुम्हाला आवडेल ते."

त्या शनिवारी साडी बाहेर निघाली. साडी म्हणजे त्यांच्या लग्नातलीच. सुती, पांढरी, बोटभर निळा काठ. त्यांचा थोरला भाऊ, सदूमामा, तेव्हा मुंबईच्या गोदीत कामाला होता, त्यानं आणलेली. इतकी वर्षं घडीत राहून तिला पिवळट झाक आली होती. सासूबाईंनी ती हलक्या हातानं धुतली, राग नव्हता म्हणून. मग बादलीत नीळ घातली, एक थेंब नखावर घेऊन रंग बघितला, पुन्हा थोडं पाणी ओतलं. भाताच्या पेजेची खळ केली. उलव्यात पांढरं कापड बाहेर वाळत घालायची सोय नाही. समोर कुठली ना कुठली इमारत उभी राहतच असते आणि तासाभरात कापडाचा रंग सिमेंटचा होतो. म्हणून हॉलमध्ये दोरी बांधली, पंखा लावला, आणि दिवसभर आम्ही सगळ्यांनी साडीखालून वाकून ये-जा केली.

खळ ढवळता ढवळता त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. मी आधी ऐकली होती, पण तुकड्या-तुकड्यांनी.

त्यांच्या आईच्या लग्नात हिरवं लुगडं होतं, हळद होती, सगळं होतं. सासूबाईंच्या, म्हणजे चांगुणाबाईंच्या, लग्नापर्यंत धम्म घेऊन झाला होता. लग्न बुद्धवंदनेनं लागणार आणि नवरी पांढऱ्या साडीत, असं सदूमामानं ठरवलं. गावात तसं नेसलेली नवरी कोणी पाहिली नव्हती. वाडीतून सासरच्या गाडीपर्यंत चालत जायचं तर वाट वरच्या आळीवरून, विहिरीजवळून. विहिरीवर बायका होत्या. पांढऱ्या साडीतली नवरी येताना बघून एका बाईनं आपल्या लहान मुलीचं तोंड धरलं आणि दुसरीकडं फिरवलं. अपशकुन नको म्हणून.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. मी थांबले. तिच्याकडं बघितलं. सदूदादा मागून म्हनला, ताठ चाल. मी ताठ चालले."

एवढंच. खळ झाली होती, त्यांनी गॅस बंद केला.

शूटिंगच्या दिवशी गच्चीवर नुसती झुंबड. तमिळ मावशी कांजीवरममध्ये, बंगाली जोडपं, कळंबोलीला ज्यांचे ट्रक आहेत त्या सरदारजींची बायको फुलांच्या भरतकामाची लालभडक ओढणी घेऊन. दुसऱ्या मजल्यावरचे देवजीकाका ह्याच गावातले, आमच्या सगळ्यांच्या आधीपासूनचे. त्यांचं वाक्य होतं, "इमान उतरतं ना, तिथं आमचं शेत व्हतं." हे वाक्य त्यांना चार वेळा म्हणावं लागलं, कारण दर वेळी 'शेत' म्हणायला आणि विमान डोक्यावरून जायला एकच गाठ पडायची. शेवटी ते विमानाकडं बघून जे बोलले ते फिल्ममध्ये घेता आलं नाही.

सासूबाई कडक साडीत आल्या. चालताना साडी वाजत होती. गच्चीवरच्या त्या सगळ्या लाल-हिरव्या-जांभळ्यात त्या पांढऱ्याधोप उभ्या राहिल्या आणि मला, खरं सांगते, भरून आलं. इंद्रजित म्हणाला, "आजी, काय बोलणार?"

"ही माझ्या लग्नातली साडी."

"एवढंच?"

"एकच वाक्य म्हनलास ना?"

एका टेकमध्ये झालं. देवजीकाकांनी टाळी वाजवली.

महिन्याभरानं फिल्म निवडली गेल्याचं कळलं. शेवटच्या सातांत आली होती, वाशीच्या एका सभागृहात रविवारी दाखवणार होते. सोसायटीच्या ग्रुपवर फुलं, फटाके आणि हात जोडलेले जे काही असतं त्याचा नुसता पाऊस पडला. सासूबाईंनी मोबाइलवर बघायला साफ नकार दिला. "मी पडद्यावरच बघनार," म्हणाल्या, आणि माझ्याच फोनवरून सदूमामाला महाडला फोन लावला. मामा आता ऐंशीच्या घरातले, कानानं कमी. त्यामुळे आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांनाच कळलं की, "दादा, ये. तुझी साडी पिक्चरमदी आली."

मामा येतो म्हणाले. चार तास एसटीत बसून येतो म्हणाले.

मी फिल्म बघितली ती ऑफिसात, डबा खाताना. तमिळ मावशी आल्या, देवजीकाका आले, मी एकटीच हसले. मग एक बाई आली, हळदीसारख्या पिवळ्या साडीत. मला वाटलं, ह्या कुठल्या विंगच्या? तेवढ्यात त्या बाईनं तोंड उघडलं आणि आमच्या सासूबाईंच्या आवाजात म्हणाली, "ही माझ्या लग्नातली साडी."

मी फिल्म मागे नेली. निळा काठ तोच होता. खळीच्या घड्या त्याच होत्या. साडी तेवढी पिवळी. झळझळीत. त्यांना शोभतही होती, हे आणखी वाईट. मला आधी हसू आलं आणि मग कानशिलं तापली. डबा तसाच बंद केला. कोणीतरी माझ्या सासूच्या तोंडून तिच्याच लग्नाबद्दल खोटं वदवलं होतं, आणि खाली इंग्रजीत लिहूनही दिलं होतं.

बेलापूरहून घरी येईपर्यंत मी भांडणाची सगळी वाक्यं तयार केली. घरी न जाता थेट वरच्या मजल्यावर गेले. बेल दाबली ती परभणीच्या पद्धतीनं.

मोनालीनं दार उघडलं. "बघितलीस? कशी वाटली?"

"आईंची साडी पिवळी कशी झाली?"

तिचा चेहरा फुलला. "मस्त दिसतात ना काकू? तो रंग मी निवडला. इंद्रजित दोन दिवस तेवढ्यावरच बसला होता, काठ पिवळा होऊ नये म्हणून."

"पण का?"

"अगं..." तिनं आवाज खाली आणला. "काका गेल्यापासून काकू मोठ्या दिवशी पांढरं नेसतात, ते मला बघवत नाही. आम्ही संक्रांतीला आता सगळ्यांना बोलावतो, माहितीये ना तुला? नवरा असलेली, नसलेली, काही बघत नाही. माझी सासू रुसून बसली होती, तरी मी ऐकलं नाही. आणि आपल्या फिल्ममध्ये सगळ्या बायका रंगीत आणि काकू तेवढ्या पांढऱ्यात? मला कसंतरीच झालं. म्हटलं, आपण त्यांना रंग देऊ."

भांडायला गेलेल्या माणसाला समोरचं माणूस चांगलं निघालं की फार पंचाईत होते. माझी सगळी वाक्यं वाया गेली. हिनं माझ्या सासूसाठी स्वतःच्या सासूशी भांडण केलं होतं. आणि तरीसुद्धा विहिरीवरच्या त्या बाईनं जे केलं तेच हिच्या हातून झालं होतं, फक्त प्रेमानं.

"मोनाली, ती त्यांच्या लग्नातली साडी आहे."

"हो, ऐकलं ना. लग्नात आहेर आला असेल."

"आहेर नाही. नवरीची साडी. त्या पांढऱ्या साडीत नवरी होत्या."

"नवरी? पांढऱ्यात?"

"आमच्यात पांढऱ्यातच. मीही पांढऱ्यातच होते. तुला अल्बम दाखवला होता."

"अगं, मला वाटलं ते डिझायनर आहे."

ह्यावर हसावं की रडावं कळेना. मी चपला घालूनच तिच्या हॉलमध्ये बसले आणि विहीर, ती बाई, त्या मुलीचं फिरवलेलं तोंड, सगळं सांगितलं. इंद्रजित आतून येऊन दाराशी उभा होता. मोनाली ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू रडवेला होत गेला. मला वाईट वाटलं, पण सांगायचं थांबले नाही.

इंद्रजितनं तिथंच स्पर्धेच्या ऑफिसला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडची मुलगी गोड होती आणि अजिबात हलली नाही. "सर, पिक्चर लॉक आहे. ज्युरीनं जे बघून निवडलंय तेच दाखवावं लागेल. साऊंडचं काम असेल तर शुक्रवारपर्यंत देऊ शकता, सबटायटल पण. व्हिज्युअल नाही. नाहीतर एंट्री विथड्रॉ करा."

इंद्रजितनं फोन ठेवला. मोनाली म्हणाली, "मागे घेऊया." इंद्रजित खाली बघत होता. त्यानं नाही म्हटलं नाही, पण त्याचं नाही मला दिसत होतं. मी उठले. माझं मत तेव्हा रागाचं होतं, ते मी द्यायला नको होतं आणि दिलंही नाही.

घरी नवऱ्याला, धम्मपालला, सांगितलं तर तो म्हणाला, "आईला सांगू नको. पडद्यावर चार सेकंद आहे. तिला कळणार पण नाही."

"आणि मामांना?"

"मामांना ऐकू येत नाही."

"दिसतं ना पण!"

आमचे हे असे. शांत स्वभाव, शांत स्वभाव म्हणून लग्नात ज्याचं कौतुक झालं तो हाच. ती साडी सदूमामांनी गोदीच्या पगारातून आणलेली. ते चार तास एसटीत बसून येणार, पडद्यावर आपली बहीण बघणार, आणि अंगावर दुसरीच साडी. धम्मपालला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग तूच सांग तिला." हे मात्र मला माहीतच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सुट्टी टाकली. सासूबाई गॅलरीत लसूण सोलत होत्या. शेजारी बसले आणि काही न सांगता फोन पुढं धरला. त्यांनी बघितलं. चष्मा पुसला. "परत लाव," म्हणाल्या. मी परत लावलं.

"साडी चांगली हाय," त्या म्हणाल्या. "कुनाची?"

"तुमचीच आई. रंग बदललाय त्यांनी."

"बदलता येतो असा?"

"येतो."

त्यांनी एक पाकळी सोलली, दुसरी सोलली. मग म्हणाल्या, "तवा यायला पायजे व्हता. त्या विहिरीवरच्या बाईला पोरीचं तोंड फिरवावं लागलं नसतं."

मला रडू आवरेना. मी मोनालीच्या मनात काय होतं ते सांगायला लागले, हळदीकुंकू, तिची सासू, डबे. त्या ऐकत होत्या की नाही कोण जाणे. लसणाची परात माझ्या मांडीवर ठेवून उठल्या, कपाट उघडलं, साडी काढली आणि बाथरूममध्ये जाऊन पाटावर बसल्या. नळ सुरू झाला. साडी स्वच्छच होती.

त्या वेळी नेमकी मोनाली आली, मागे इंद्रजित. मी नुसतं बाथरूमकडं बोट दाखवलं. ती दारात जाऊन उभी राहिली. आमचं बाथरूम केवढं, तर एक माणूस आत असलं की दुसऱ्यानं दारातच थांबावं. सासूबाईंचे हात कोपरापर्यंत निळीच्या पाण्यात होते.

"काकू, चुकलं माझं. मी फिल्म मागे घेते."

"कशाला?" सासूबाईंनी वर बघितलं नाही. "त्यात देवजीभावजींचं शेत हाय. त्यांनी चार-चारदा म्हटलंय. ती सरदारीन उन्हात किती उभी व्हती."

"मग काय करू?"

"रंग पुसता येत न्हाय?" हे इंद्रजितला.

"नाही आजी. आता फक्त आवाजाचं काम करता येतं."

सासूबाईंनी साडी पाण्यातून वर उचलली, निथळू दिली. मग त्याच्याकडं बघितलं.

"मंग माझा आवाज काड."

"म्हणजे?"

"ती पिवळी साडी तुमची हाय, ती ऱ्हाऊ दे. चांगली हाय. पन ती माझ्या लग्नातली, असं मी म्हटलेलं न्हाय. मी दुसऱ्या साडीला म्हटलंय. तेवढं काड माझ्या तोंडातनं. खालचं इंग्रजी पन काड."

"आजी, मग तुम्ही नुसत्याच उभ्या दिसाल. ओठ हलतील, आवाज नाही. लोकांना वाटेल साऊंड गेला."

"वाटू दे."

मोनाली रडायला लागली. मोठ्यानं, नाक ओढून. सासूबाईंना रडणं फारसं जमत नाही, दुसऱ्याचंही. त्यांनी साडीचं एक टोक तिच्याकडं टाकलं. "रडू नको. टोक धर. पीळ घाल."

मग त्या दोघींनी मिळून साडी पिळली. एक आत, एक बाहेर, साडी मध्ये ताणलेली, पाणी आमच्या पॅसेजभर. मोनालीला पीळ कुठल्या बाजूनं द्यायचा ते कळत नव्हतं, दोघी एकाच बाजूला पिळत होत्या आणि साडी नुसतीच गरगर फिरत होती. "उलट, उलट," सासूबाई ओरडल्या. मी हसले. इंद्रजितनं पुसायला फडकं शोधलं. मोनालीच्या बोटांना निळीचा डाग पडला तो दोन-तीन दिवस गेला नाही.

त्या दिवशी दुसरं काहीच धुवायला निघालं नाही.

रविवारी दुपारी सगळी बिल्डिंग वाशीला. मोनालीनं सगळ्यांना पारंपरिक पोशाखात यायला सांगितलं होतं, त्यामुळे सभागृहाबाहेर आम्ही लग्नाच्या वऱ्हाडासारखे दिसत होतो. सदूमामा सकाळीच आले होते, पांढरा सदरा आणि इस्त्रीचं धोतर. मी त्यांच्या कानाशी वाकून साडीच्या रंगाचं सांगायचा दोनदा प्रयत्न केला, पण त्यांनी मान हलवली ती नेहमीसारखी, न ऐकता. सासूबाई त्यांच्या शेजारी बसल्या, त्याच साडीत. खळ इतकी कडक की बसताना साडीला समजूत घालावी लागली. मी त्यांच्या पलीकडं. मोनाली पुढच्या रांगेत, आणि ती सारखी मागे वळून बघत होती.

आमची फिल्म चौथी होती. अंधार झाला. तमिळ मावशी आल्या, टाळ्या पडल्या. देवजीकाकांचं वाक्य आलं आणि त्याहून मोठ्या टाळ्या. सरदारीणबाईंची ओढणी वाऱ्यावर उडाली. आणि मग ती पिवळी साडी आली, एवढ्या मोठ्या पडद्यावर. बाईचे ओठ हलले. आवाज नाही.

मागून कोणीतरी ओरडलं, "साऊंड! साऊंड!"

आणि माझ्या शेजारून आवाज आला, "ही माझ्या लग्नातली साडी."

त्या ओरडल्या नाहीत. शेताच्या बांधावरून पलीकडच्याला हाक मारावी तेवढाच आवाज, लांब जाणारा. मला कल्पना नव्हती. त्यांनी हे आधी ठरवलं होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही, विचारणारही नाही. त्या उभ्या होत्या. अंधारात कांजीवरम काळी दिसते, जांभळी काळी दिसते, लालही काळीच दिसते. त्या सगळ्या सभागृहात तेवढी एक साडी दिसत होती.

माना वळल्या. एका रांगेतून दुसऱ्या रांगेत, पार पुढच्या परीक्षकांपर्यंत. पडद्यावर पुढचं घर येऊन गेलं, त्याच्याकडं कोणी बघितलं नाही. एकानंही तोंड फिरवलं नाही. माझा हात नकळत त्यांच्या पाठीवर गेला. पाठ ताठ होती.

बक्षीस आम्हाला मिळालं नाही. आवाजातली तांत्रिक त्रुटी, असं परीक्षक नंतर म्हणाले, आणि इंद्रजित त्यावर पोट धरून हसला. पण ते नंतर. तेव्हा अंधारात सदूमामा माझ्याकडं वाकले. त्यांना बहीण उभी राहिलेली दिसली होती, लोक बघताना दिसले होते, ऐकू मात्र काही आलं नव्हतं.

"काय म्हनली ती?"

मी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, "ही माझ्या लग्नातली साडी, असं म्हणाल्या."

मामांनी पडद्यावरून नजर काढली, बहिणीकडं बघितलं, साडीच्या काठाला बोटांनी हात लावला. मग कानानं कमी असलेली माणसं बोलतात तशा, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मंग? मीच तर आनली व्हती."